चाळिशीनंतर हायरूल : ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ पूर्ण करताना

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या १९८६ पासून चालत आलेल्या जपानी खेळमालिकेतील ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हा खेळ १२ मे २०२३ रोजी प्रसिद्ध झाला आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. मी तो २६ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे जगाची घाई संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी, नाशिकच्या घरी पूर्ण केला. करविवरणपत्रे भरणाऱ्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या आणि शाळेत असताना कॅसेट घालून खेळायच्या व्हिडिओ गेमपलीकडे काहीही न खेळलेल्या माणसाने हा खेळ हाती घ्यावा की नाही, असे मला अलीकडे दोन-तीन सहकाऱ्यांनी विचारले. त्यांना तोंडी सांगताना बरेच राहून जाते, म्हणून खरेदीपासूनचा सगळा क्रम येथे लिहून ठेवत आहे. कथेतील मुख्य रहस्य मात्र कोठेही उघड केलेले नाही.

पहिली अडचण खेळाची नव्हती, तो मिळवण्याची होती. हा खेळ तेव्हा केवळ निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर, म्हणजे खेळयंत्रावर, चालत होता आणि निन्टेन्डोचे अधिकृत ऑनलाइन दुकान भारतासाठी नाही. येथे जे कन्सोल मिळतात ते आयात करून विकणाऱ्या व्यापाऱ्यांकडचे असतात आणि त्यांच्यावरची वॉरंटी बहुधा त्या दुकानदाराच्या शब्दापुरती असते. मुंबईतील एका दुकानात मी चौकशी केली तेव्हा किमतीबाबत फारशी तक्रार नव्हती. परंतु पक्के बिल मागताच समोरच्या माणसाचा चेहरा उतरला आणि “साहेब, बिलाचं नंतर बघू” असे उत्तर आले. माझ्या पेशाच्या माणसाला ते पटणे शक्य नव्हते. कुरिअरने परदेशातून मागवायचे तर ओळखपत्रांच्या प्रती, केवायसीचा अर्ज आणि वर सीमाशुल्क; त्या शुल्काचा अंदाज घेतल्यावर तोही विचार मी सोडून दिला.

शेवटी मार्ग निघाला तो बहिणीमुळे. ती न्यू जर्सीत राहते आणि तेथील शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटल्या की भाच्याला घेऊन नाशिकला येते. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार तेव्हा परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला वापरातल्या कपड्यांव्यतिरिक्त ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येत होत्या. ओएलईडी पडद्याचा कन्सोल ३४९.९९ डॉलर, खेळाचे कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये घालायचे कार्ड, ६९.९९ डॉलर आणि त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर धरून सगळा हिशेब तेव्हाच्या दराने सुमारे ३७,००० रुपयांवर गेला, म्हणजे मर्यादेच्या आतच राहिला. बिलाची छापील प्रत सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवण्यास मी बहिणीला बजावले होते. विमानतळावर कोणी विचारले नाही, पण विचारले असते तर वस्तूची किंमत सिद्ध करण्याचा तोच एक कागद होता. कोणाला असे काही मागवायचे असेल तर आणणाऱ्याच्या इतर भेटवस्तूही त्याच मर्यादेत मोजल्या जातात, हे आधी लक्षात घ्यावे आणि मर्यादेचा त्या वेळचा आकडा तपासून पाहावा.

घरी आल्यावरची मांडामांड अर्ध्या दिवसात झाली. अमेरिकी चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे ट्रान्स्फॉर्मर लागत नाही. पण त्याच्या दोन चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये डुगडुगतात, म्हणून चांगल्या प्रतीचा अडॅप्टर घ्यावा. कार्ट्रिजना सहसा प्रदेशाचे बंधन नसते, एका देशातले दुसऱ्या देशातल्या कन्सोलवर चालते. आणखी एक गोष्ट आमच्या भाच्याने पहिल्याच दिवशी सांगितली, ती अशी की खेळातली आपली प्रगती कार्ट्रिजवर साठत नाही, कन्सोलच्या आत साठते. कन्सोल बिघडला तर सगळे गेले. त्या प्रगतीची प्रत इंटरनेटवर राहावी यासाठी वर्षाला १९.९९ डॉलरची वर्गणी आहे, ती मी बहिणीने पाठवलेल्या गिफ्ट कार्डाच्या कोडने भरली.

२५ जूनच्या रविवारी दुपारी खेळ सुरू केला. सुरुवातीला लिंक हा नायक आणि राजकन्या झेल्डा हायरूल या राज्याच्या किल्ल्याखालच्या भुयारात उतरतात, तेथे गॅनन्डॉर्फ हा जुना शत्रू जागा होतो, लिंकचा उजवा हात निकामी होतो, झेल्डा नाहीशी होते आणि लिंक आकाशात तरंगणाऱ्या एका बेटावर जागा होतो तेव्हा त्याला दुसऱ्याच कोणाचा तरी हात बसवलेला असतो. खेळाचे सारे वेगळेपण या हातात आहे. अल्ट्राहँड या शक्तीने समोरच्या फळ्या, चाके, पंखे, ओंडके उचलून एकमेकांना चिकटवता येतात. फ्यूजने कोणतीही वस्तू शस्त्राच्या टोकाला जोडता येते. असेंडने डोक्यावरच्या छतातून आरपार वर निघता येते आणि रिकॉलने एखादी वस्तू ज्या वाटेने आली त्याच वाटेने उलटी फिरवता येते. यांपैकी पहिल्या तीन शक्ती त्या बेटावरच्या देवळांतून, म्हणजे श्राइनमधून, एकेक करून मिळतात आणि रिकॉल तेथल्याच टेंपल ऑफ टाइममध्ये मिळते.

नवख्या माणसाला हे बेट ओलांडतानाच सर्वाधिक कष्ट पडतात, असे माझे मत झाले आहे. बोटांना बटणांची ओळख नसते. अल्ट्राहँडने धरलेली फळी एका बटणाने वळवायची, दुसऱ्याने पुढे-मागे न्यायची आणि चुकीच्या जागी चिकटलीच तर कंट्रोलरची उजवी दांडी जोरात हलवून सोडवायची, हे सगळे एकाच वेळी करताना माझी मान अवघडून जाई. शिडाचा तराफा करून तळे ओलांडायचे होते तेव्हा मी शीड आडवे चिकटवले आणि तराफा जागच्या जागी गोल फिरत राहिला. शेजारी बसलेला भाचा हसला नाही. “मामा, शीड वाऱ्याकडे पाठ करून उभं कर” एवढेच म्हणाला. बर्फाळ भागात जाण्यापूर्वी तिखट मिरच्या गोळा करून त्या पातेल्यात शिजवून खाल्ल्या की थंडी बाधत नाही, हे मात्र मला कोणी न सांगता सुचले. घरच्या स्वयंपाकाचे थोडे ज्ञान या खेळात वाया जात नाही.

बेटावरून खाली हायरूलच्या भूमीवर उडी मारल्यावर खेळ तुम्हाला जवळपास मोकळे सोडतो आणि नेमकी येथेच पुष्कळांची वाट चुकते. भाच्याने आधीच सांगून ठेवले होते की डावीकडे-उजवीकडे कितीही मोह झाला तरी लुकआउट लँडिंग या छावणीत जायचे, पुरा नावाच्या संशोधक बाईंनी दिलेले पहिले काम पुरे करायचे आणि पॅराग्लायडर हाती आल्याशिवाय तेथून हलायचे नाही. हा सल्ला मी प्रत्येकाला देतो. पॅराग्लायडर नसेल तर प्रत्येक कडा जीवघेणा ठरतो आणि नकाशा उघडणारे स्कायव्ह्यू टॉवरही निरुपयोगी ठरतात, कारण ते तुम्हाला आकाशात फेकतात आणि खाली सुखरूप येण्याची जबाबदारी तुमची असते. त्याच छावणीतील रॉबी आणि जोशा यांचे जमिनीखालच्या जगासंबंधीचे काम लगेच घ्यावे. त्यातून आधी कॅमेरा आणि पुढे ऑटोबिल्ड मिळते. एकदा जोडलेली गाडी ऑटोबिल्डने क्षणात पुन्हा उभी राहते, तेव्हा बोटांचे सारे कष्ट वसूल होतात.

जुलै आमच्या कार्यालयात अर्थातच विवरणपत्रांचा महिना. ३१ जुलैची मुदत त्या वर्षी वाढली नाही, त्यामुळे महिनाभर रविवारच्या दुपारीच काय तो कन्सोल हाती येई. अशा तुटक वेळेला श्राइन फार सोयीची पडतात. बहुतेक श्राइन म्हणजे एक बंद खोली आणि एक कोडे. वीस-पंचवीस मिनिटांत उरकते आणि शेवटी एक आशीर्वादाचा दिवा मिळतो. असे चार दिवे झाले की आयुष्याचे एक हृदय किंवा धावण्या-चढण्याचा दम दाखवणाऱ्या चक्राचा एक पंचमांश भाग वाढवता येतो. भूमीवर १२० आणि आकाशात ३२ मिळून १५२ श्राइन आहेत. सगळी शोधण्याची काहीच गरज नाही. सुरुवातीचे दिवे हृदयांवर न खर्चता दमावर खर्च करावेत, कारण मोठ्या मंदिरांतील शत्रू हरले की एकेक हृदय तसेही पदरात पडते, आणि पुढे मास्टर स्वॉर्ड ही तलवार उपसण्यासाठी दमाची दोन पूर्ण चक्रे लागतात.

या कोड्यांचे उत्तर एकच नसते, हे मला उशिरा उमगले आणि तेव्हापासून खेळाची भीती गेली. एका श्राइनमध्ये चेंडू पलीकडच्या खळग्यात पोहोचवायचा होता. त्यासाठी ठेवलेली यंत्रणा मला काही केल्या समजेना, तेव्हा मी खोलीतल्या सगळ्या फळ्या एकापुढे एक चिकटवून लांबलचक घसरगुंडी केली आणि चेंडू सोडून दिला. दार उघडले. खेळ रचणाऱ्यांनी हिदेमारो फुजिबायाशी यांच्या दिग्दर्शनाखाली वर्षानुवर्षे जी मेहनत घेतली असेल ती मला येथे दिसते : खेळाडू वाकड्या वाटेने गेला तरी जग मोडत नाही, वजन, घर्षण, वारा, आग यांचे नियम तसेच लागू राहतात. दिग्दर्शकाच्या मनातले उत्तर ओळखण्याचा ताण घेऊ नये, एवढे जरी नव्या खेळाडूने धरून ठेवले तरी निम्मे काम होते.

मुख्य कथेत चार प्रदेशांवर चार संकटे आलेली असतात, प्रत्येकाचा शेवट एका मोठ्या मंदिरात होतो आणि कोठेही आधी जाण्याची मुभा असते. मुभा असली तरी पहिल्यांदा वायव्येकडील रिटो पक्ष्यांच्या गावीच जावे. तेथे ट्युलिन नावाचा पोर सोबतीला येतो आणि त्याने फुंकलेल्या वाऱ्याने पॅराग्लायडर पुढे ढकलला जातो. उरलेल्या खेळात ही मदत पावलोपावली कामी येते. भाचा परत जाण्याच्या आदल्या दिवशी, १५ ऑगस्टच्या सुट्टीत, आम्ही दोघांनी तेथले वाऱ्याचे मंदिर पूर्ण केले. हिमवादळात तरंगणाऱ्या जुन्या जहाजांच्या शिडांवर उड्या मारत मारत वर चढायचे, प्रत्येक उडीबरोबर खालची जमीन आणखी लहान होत जायची, आणि शेवटच्या जहाजावरून वादळाच्या मधोमध झेप घ्यायची. आत गेल्यावर वाद्यांचा सूर बदलतो आणि कोलगेरा हा प्रचंड उडता किडा समोर येतो, ज्याच्या पोटावरचे बर्फ फोडण्यासाठी आपण वरून स्वतःलाच बाणासारखे सोडायचे. माझी बहीण चहा घेऊन आली होती ती तो तसाच हातात धरून उभी राहिली. उरलेल्या तीन मंदिरांपैकी एकालाही ही उंची गाठता आलेली नाही.

त्यानंतर १९ सप्टेंबरला गणपती बसले, ३० सप्टेंबरला कर लेखापरीक्षणाची मुदत होती आणि कन्सोल कपाटात गेला. ऑक्टोबरच्या मध्यावर तो पुन्हा काढला तेव्हा कोणते बटण कशाचे, हेही आठवेना. अशा वेळी थेट लढाईला जाऊ नये. खेळातल्या नोंदवहीत सगळ्या कामांची यादी असते, ती वाचावी आणि ॲडिसनची पाटी उभी करण्यासारखे एखादे निरुपद्रवी काम करावे. हा ॲडिसन म्हणजे बांधकाम कंपनीच्या मालकाची पाटी रस्त्याच्या कडेला हातांनी धरून उभा असलेला नोकर. तो सोडेल तर पाटी पडेल, म्हणून शेजारच्या फळ्या जोडून तिला टेकू द्यायचा. पाटी टिकली की गडी आनंदाने मोहरांबरोबर खाऊही देतो. हायरूलभर अशा ८१ पाट्या आहेत आणि जगावर एवढे संकट आलेले असताना या माणसाने मालकाची पाटी सोडलेली नाही, याचे मला प्रत्येक वेळी कौतुक वाटले. हात सरावायला याहून चांगला उपाय नाही.

दिवाळीच्या सुट्टीत डोंगराखालचे आगीचे मंदिर झाले. रुळांवरच्या गाड्यांचा तो पसारा मला कंटाळवाणा वाटला आणि काही ठिकाणी मी रूळ सोडून सरळ भिंती चढून गेलो. खेळाने हरकत घेतली नाही. येथेच कथेतील मोठा दोषही जाणवला. प्रत्येक मंदिर जिंकल्यावर एक प्राचीन ऋषी प्रकट होतो आणि फार पूर्वी झालेल्या युद्धाची हकिगत सांगतो. ती चारही वेळा जवळपास शब्दशः तीच आहे. प्रदेश कोणत्याही क्रमाने घेता यावेत यासाठी ही सोय केली असणार, हे समजते, तरी तिसऱ्या वेळी मी ती ऐकता ऐकता मोबाइलवरचे निरोप वाचले. शिवाय सोबत्यांच्या शक्ती वापरायच्या तर ऐन लढाईत त्यांच्यामागे धावत जाऊन बटण दाबावे लागते. चार सोबती एकदम भोवती नाचू लागले की हवा तो कधीच जवळ नसतो. इतक्या विचारपूर्वक केलेल्या खेळात ही गैरसोय कशी राहिली, याचे मला नवल वाटते.

डिसेंबरमध्ये जमिनीखालच्या जगाला नीट हात घातला. ते हायरूलएवढेच विस्तीर्ण आणि पूर्णतः काळोखे आहे. ब्राइटब्लूम नावाच्या उजेडाच्या बिया फेकत पुढे जावे लागते आणि लाइटरूट नावाचे मूळ सापडले की तेवढा परिसर उजळतो. येथे एक गोष्ट ठाऊक असेल तर निम्मा त्रास वाचतो : वरच्या भूमीवरील प्रत्येक श्राइनच्या नेमके खाली एक लाइटरूट असते, कार्बन कागदाखालच्या प्रतीसारखे. वरचा नकाशा पाहून खाली खुणा करून ठेवाव्यात, आणि उलट खाली सापडलेल्या मुळावरून वर न दिसलेले श्राइनही शोधता येते. येथील ग्लूम नावाच्या काळ्या-लाल चिखलाने केवळ जीव कमी होत नाही, हृदयेच तडकतात आणि साध्या जेवणाने ती सांधत नाहीत. त्यासाठी आकाशबेटांवर उगवणारी सनडेलियनची फुले शिजवून नेलेली बरी. या ग्लूमचे हात एका गुहेत पहिल्यांदा अंगावर आले तेव्हा पडदा लालसर झाला, संगीत विस्कटले आणि मी खरोखर कंट्रोलर खाली ठेवला. उंच दगडावर चढून बॉम्बफुले जोडलेले बाण खाली मारत राहणे, हा त्यावरचा उपाय. ते संपल्यावर जे उभे राहते त्यासाठी मात्र बाण शिल्लक ठेवावेत. तरीही खालचे जग मला गरजेपेक्षा मोठे वाटले. नवे काही फारसे सापडत नाही आणि काळोख लवकर जुना होतो.

पाणी आणि वाळवंट येथील मंदिरे ३१ डिसेंबरच्या मुदतींच्या धबडग्यात कशीबशी झाली. झेल्डाचे काय झाले, हे सांगणारी बारा दृश्ये भूमीवर कोरलेल्या प्रचंड आकृत्यांमध्ये विखुरलेली आहेत. फॉरगॉटन टेंपलमध्ये जाऊन भिंतीवरचा त्यांचा क्रम आधी पाहून घ्यावा आणि त्याच क्रमाने ती पाहावीत. आकृती दिसली म्हणून पाहत सुटल्यास शेवट आधी कळतो. माझ्या मते मुख्य मंदिरांपेक्षा ही कथा कितीतरी चांगली लिहिली आहे. मास्टर स्वॉर्ड कोठे आहे हे कळल्यावर मी काही वेळ पुढे खेळलोच नाही, एवढेच सांगतो.

शेवटच्या लढाईची तयारी मी लेखापरीक्षणासारखी केली : सनडेलियन घातलेली जेवणे, ग्लूमला दाद न देणारा पोशाख, चांगल्या ढाली, आणि उतरण्यापूर्वी स्वतःहून केलेला सेव्ह, म्हणजे प्रगतीची साठवण. खेळ आपोआप अनेक सेव्ह करतो, परंतु स्वतः केलेल्या सेव्हची जागा एकच असते. ती भुयारात शिरण्याआधी भरावी, म्हणजे सामग्री अपुरी पडल्यास मागे येता येते. किल्ल्याखालची उतरंड लांब आहे आणि वाटेतील प्रत्येक शत्रूशी लढण्याची गरज नाही. गॅनन्डॉर्फशी लढताना एक क्षण असा येतो की त्याच्या आयुष्याची पट्टी भरत भरत पडद्याबाहेर निघून जाते. ते पाहून माझ्या तोंडून जे निघाले ते येथे लिहिता येणार नाही. त्याचा वार अगदी शेवटच्या क्षणी चुकवला की प्रतिहल्ला करता येतो आणि ही वेळ साधायला मला प्रजासत्ताकदिनाची सबंध दुपार लागली. त्यानंतरचा टप्पा अवघड नाही, देखणा आहे. श्रेयनामावली संपल्यावर न्यू जर्सीला फोन लावला, तर भाच्याने झोपेतच विचारले, “मामा, ढाल कोणती वापरलीस?”

कन्सोलच्या नोंदीनुसार माझे दीडशेच्या आसपास तास झाले. सात महिने अंतराअंतराने मिळालेल्या वेळेचा हा हिशेब आहे. फक्त कथेच्या मागे लागल्यास याच्या निम्म्यातही भागावे. याआधीचा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मी खेळलो नव्हतो आणि त्यामुळे काही अडले नाही, मात्र जुनी पात्रे भेटल्यावर होणारा आनंद मला झाला नाही. खेळ संपल्यावर तो तुम्हाला अंतिम लढाईच्या आधीच्या जागी परत सोडतो, फक्त सेव्हवर एक तारा दिसू लागतो. त्यामुळे राहिलेली कामे नंतर करता येतात. माझे सेव्ह कन्सोलमध्येच असल्याने कार्ट्रिज सध्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या मुलीकडे आहे. पॅराग्लायडरविषयीची सूचना मी तिला डबीवरच चिकटवून दिली आहे.